सर, जरा वाचून दाखवा

जाहीर झालेला विषय आहे, डेबियन या लिनक्स सिस्टिमचं नेटइन्स्ट, म्हणजे बाकीचं सामान नेटवरून ओढणारा छोटा इन्स्टॉलर, वापरून सिस्टिम टाकल्यावर नेटवर्क आणि रिपॉझिटरी, म्हणजे सॉफ्टवेअरची पॅकेजं जिथून येतात तो साठा, आपल्या बोलण्यातला ‘रेपो’, का अडतात. तिथे येतोच. पण ज्या एका गोष्टीसाठी मी आज आलोय ती आधी सांगतो. मशीन अडलं की आपण पडद्यावरचं वाचत नाही. ‘नेट चालत नाही’, ‘रेपो चालत नाही’ एवढंच म्हणतो आणि पेन ड्राइव्ह शोधायला लागतो. नेट लागेना म्हणून अख्खी सिस्टिम पुन्हा टाकलेल्यांनी हात वर करा बरं. बघा, पहिली रांग झाडून सगळी!

कोकणातल्या एका शाळेत देणगीत आलेली जुनी मशीनं होती. रॅम कमी, म्हणून सरांनी नेटइन्स्ट घेतलं, सॉफ्टवेअर निवडायच्या पडद्यावरच्या सगळ्या खुणा काढल्या आणि किमान सिस्टिम टाकली. तीही मराठीतून. हो, डेबियनचा ग्राफिकल इन्स्टॉलर मराठीत चालतो. ज्यांनी बसून ते भाषांतर केलं, त्यांचं आपल्यावर ऋण आहे. नुसता एकदा चालवून बघा, पडद्यावर मराठी वाचून बरं वाटतं.

तर एका मशीनचं असं व्हायचं, की सर संध्याकाळी सिस्टिम टाकायचे, एपीटी अपडेट, म्हणजे रेपोतून पॅकेजांची ताजी यादी आणणारी कमांड, झकास चालायचं. सकाळी बघावं तर बंद. पुन्हा टाकली की पुन्हा चालू, दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच. असं पाच वेळा झालं. मग मला फोन आला, “रेपो रात्रीत खराब होतो.”

म्हटलं, “सर, जरा वाचून दाखवा.”

“काय वाचू? सगळे चौकोन आहेत.”

किमान सिस्टिमच्या काळ्या कन्सोलला, म्हणजे नुसत्या अक्षरांच्या पडद्याला, देवनागरी दाखवता येत नाही, त्यामुळे मराठी संदेशांचे चौकोन होतात. उपाय सोपा आहे, कमांडच्या आधी ‘एलसी ऑल बरोबर सी’ लिहिलं की ते इंग्रजीत येतात. पण तेवढ्यात सरच म्हणाले, मध्ये एक इंग्रजी ओळ आहे. त्या ओळीचं भाषांतर झालेलं नव्हतं, म्हणून ती तेवढी शाबूत राहिली होती. सरांनी अडखळत वाचली, “रिलीज फाइल... नॉट व्हॅलिड येट... इनव्हॅलिड फॉर अनदर...” आणि पुढे चारशे काहीतरी दिवस.

येट! रिलीज फाइल म्हणजे रेपोत काय काय आहे त्याचा दाखला, आणि मशीनच्या हिशेबानं ती फाइल अजून जन्मायची होती. ‘डेट’ कमांड दिली. तारीख वर्षाहून जास्त मागची.

मशीन बंद असताना घड्याळ चालवणारी, मदरबोर्डवरची सीआर २०३२ बॅटरी संपलेली होती. शिपाईमामा रोज संध्याकाळी खोलीचा मेन स्विच बंद करायचे, आणि ते बरोबरच होतं. पण मेन गेला की घड्याळ कोरं. बरं, तारीख अगदी २००९ वगैरे दिसली असती तर कुणाच्याही लक्षात आलं असतं. मशीन सुरू करताना सगळ्या सेवा उठवणारा सिस्टिमडी मात्र घड्याळाला स्वतःच्या बांधणीच्या तारखेमागे जाऊ देत नाही, त्यामुळे दिसायची ती बऱ्यापैकी अलीकडची, सभ्य तारीख. खुणा काढताना वेळ जुळवणारी सेवाही गळली होती. आणि पुन्हा टाकल्यावर चालायचं का? तर इन्स्टॉलर स्वतः नेटवरून वेळ जुळवून घेतो. म्हणजे ते औषध खरंच लागू पडत होतं, पण एका रात्रीपुरतं. यात मला सगळ्यात लागलं ते वेगळंच. ते मशीन रोज सकाळी सुरू होताना घड्याळाची तक्रार करून एफ-वन दाबायला सांगत होतं, आणि मुलं न वाचता दाबून पुढे जात होती. एवढ्याशा बॅटरीसाठी पाच संध्याकाळी गेल्या.

रिलीज फाइलवर तारीख असते आणि सही असते. एपीटी त्या सहीवर विश्वास ठेवतं, फाइल कोणत्या वाटेनं आली त्यावर नाही. म्हणून तर साध्या, कुलूप नसलेल्या एचटीटीपीवरूनही पॅकेजं घेता येतात. आता यावर खरं तर...

चिठ्ठी आली, सहा मिनिटं उरली आहेत. मग भराभर सांगतो.

खालून वर, म्हणजे केबलपासून रेपोपर्यंत, चढा. ‘आयपी ए’ ही कमांड द्या. ‘नो कॅरियर’ दिसलं तर केबल बघा, बाकी काही शोधू नका. केबल ठीक आहे पण आयपी पत्ता नाही? नेटवर्क कार्डांची नोंद असलेल्या ‘इंटरफेसेस’ फाइलमधलं कार्डाचं नाव आणि पडद्यावरचं नाव एकच आहे का ते पाहा. ईएनपी३एस० मधला तीन हा बसचा क्रमांक असतो, कार्ड दुसऱ्या खाचेत घातलं की नाव बदलतं आणि फाइल जुन्याच नावाची वाट बघत बसते. नंतर नेटवर्कमॅनेजर, म्हणजे जोडण्या सांभाळणारा प्रोग्रॅम, टाकला असेल तर तो या फाइलमधल्या कार्डाला हात लावत नाही, हेही ध्यानात ठेवा.

वाय-फायला फर्मवेअर, म्हणजे कार्डाच्या आत चालणारं सॉफ्टवेअर, लागतं. जून २०२३ च्या बुकवर्म या आवृत्तीपासून ते अधिकृत आयएसओत, म्हणजे इन्स्टॉलरच्या फाइलमध्येच असतं, त्याआधी वेगळं आणावं लागायचं. रीबूटनंतर वाय-फाय गेलं तर डब्ल्यूपीए सप्लिकंट, म्हणजे पासवर्डवाल्या वाय-फायला जोडून देणारं पॅकेज, आहे का पाहा. नसेल तर फोन यूएसबीला लावून टेदरिंग, म्हणजे फोनचं नेट मशीनला देणं, सुरू करा आणि तेवढं पॅकेज उतरवून घ्या.

पत्ता मिळाला की आधी राउटरला पिंग, मग बाहेरच्या एखाद्या आकडी पत्त्याला, मग डेब डॉट डेबियन डॉट ऑर्गला. आकडा लागतो आणि नाव लागत नाही, तर दोष डीएनएसचा, म्हणजे नावावरून आकडी पत्ता शोधणाऱ्या सेवेचा. तिची नोंद असलेली ‘रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ’ फाइल उघडा.

आता ‘सोर्सेस डॉट लिस्ट’, म्हणजे रेपोंचे पत्ते असलेली फाइल. इन्स्टॉल करताना मिरर, म्हणजे रेपोची प्रत ठेवणारा सर्व्हर, निवडला नसेल तर तिथे सीडीरॉमची ओळ असते, मिररची नसते. तिच्यापुढे हॅश टाका आणि मुख्य, अपडेट्स, सिक्युरिटी अशा तीन ओळी लिहा. सिक्युरिटीच्या ओळीतलं नाव २०२१ च्या बुलसाय या आवृत्तीपासून बदललंय, तिच्या आधीच्या बस्टरला ‘बस्टर स्लॅश अपडेट्स’ होतं, बुलसायपासून आवृत्तीचं नाव आणि ‘डॅश सिक्युरिटी’, जसं ‘बुलसाय डॅश सिक्युरिटी’. जुन्या लेखांतून ओळी उचलणारे इथेच अडकतात. आणि फार जुनी आवृत्ती असेल तर चारशे चार, म्हणजे ‘सापडलं नाही’, येईल, कारण ती आता आर्काइव्ह डॉट डेबियन डॉट ऑर्गवर असते.

वेळ संपली. लॅपटॉप आणलेल्यांनी मागच्या टेबलाकडे या, नेटवर्क केबल मी आणली आहे. आणि आलात की मशीन माझ्याकडे वळवू नका. पडद्यावर काय लिहिलंय ते मोठ्यानं वाचा.