आरएसव्हीची प्रतिपिंडे आणि बाळाच्या नेहमीच्या लसी

श्रोतेहो, नमस्कार. आरएसव्ही हा विषाणू तान्ह्या बाळाच्या फुप्फुसांतील अगदी बारीक श्वासनलिकांना सूज आणतो, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार त्याच्यामुळे पाच वर्षांखालील सुमारे एक लाख मुले दरवर्षी दगावतात. त्यापासून बचावासाठी निर्सेविमॅब हे प्रतिपिंडांचे, म्हणजे विषाणूला अडवणाऱ्या प्रथिनांचे, इंजेक्शन दिले जाते. ते नेहमीच्या लसींबरोबर एकाच दिवशी दिले, तर इवल्याशा शरीरावर फार भार पडेल का, ही आईवडिलांची शंका स्वाभाविक आहे.

लस शरीराकडून प्रतिपिंडे तयार करवून घेते. निर्सेविमॅबमध्ये मात्र ती तयारच असतात, त्यामुळे बाळाच्या प्रतिकारशक्तीला त्यासाठी वेगळे काम पडत नाही. काही श्रोत्यांना ठाऊक असेल की रक्त किंवा इम्युनोग्लोब्युलिन (दात्यांच्या रक्तातून काढलेली प्रतिपिंडे) दिल्यावर गोवराची लस काही महिने पुढे ढकलतात. याचे कारण असे, की त्यांत दात्यांच्या रक्तातील गोवरविरोधी प्रतिपिंडेही असतात आणि ती लसीतल्या दुबळ्या केलेल्या विषाणूला निष्प्रभ करतात. निर्सेविमॅब केवळ आरएसव्हीच्या पृष्ठभागावरील एफ प्रथिनालाच चिकटते, गोवराच्या विषाणूला ते ओळखतही नाही. म्हणून अशा अंतराची गरज नसते.

या विषयात संशोधक जरा अधिकच सावध असतात, आणि ते योग्यच आहे. 1960च्या दशकात आरएसव्हीच्या एका निष्क्रिय, म्हणजे मारलेल्या विषाणूपासून केलेल्या, लसीच्या चाचणीत, लस घेतलेल्या बाळांना पुढे संसर्ग झाल्यावर आजार उलट बळावला होता आणि दोन बाळे दगावली होती. निर्सेविमॅबच्या चाचण्यांत असे बळावणे आढळलेले नाही. अंगावर पुरळ किंवा सुईच्या जागी सूज, हे त्याचे नेहमीचे त्रास आहेत. तीव्र ॲलर्जी क्वचित होऊ शकते. आधीच्या मात्रेने ती झाली असेल, तर हे इंजेक्शन पुन्हा देत नाहीत.

म्हणजे हे इंजेक्शन आणि नेहमीच्या लसी एकाच दिवशी देता येतात; वेगळी ठेवायची ती फक्त सिरिंज आणि टोचण्याची जागा. मात्रा साधारणपणे वजनावर ठरते: बाळाच्या पहिल्या आरएसव्ही हंगामात पाच किलोखालील बाळाला 50 मिलिग्रॅम, त्यापुढे 100. आईने गरोदरपणी आरएसव्हीची लस घेतली असेल आणि बाळ त्यानंतर किमान चौदा दिवसांनी जन्मले असेल, तर बहुतेकदा हे इंजेक्शन लागतच नाही. म्हणून आईच्या लसीची नोंद डॉक्टरांना आवर्जून दाखवावी.