उगाळलेला राग

(दृश्य: जेवणाचं टेबल. दंडाला बीपीचा पट्टा, दुसऱ्या हातात मोबाइल.)

पट्टा फुगतोय आणि काकांची नजर सोसायटीच्या ग्रुपवर. पार्किंगवरून सकाळीच वाजलं होतं. त्याला दोन तास झाले, तरी मशीन दाखवतंय १५८ वर ९६.

भांडताना बीपी सगळ्यांचंच चढतं. अ‍ॅड्रेनालिन सुटतं, हृदय धडधडतं, रक्तवाहिन्या आवळतात. प्रसंग सरला की आकडा उतरतो. काकांचा प्रसंग मात्र सरतच नाही. 'तो असं बोललाच कसा? मी तेव्हाच सुनवायला हवं होतं.' सहाणेवर चंदन उगाळावं तसा राग उगाळला, की उतरू लागलेला आकडा पुन्हा चढतो.

२०२४ साली कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २८० निरोगी प्रौढांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. काही जणांना राग आणणारी जुनी आठवण फक्त ८ मिनिटं सांगायला लावली. त्यानंतर ४० मिनिटांपर्यंत त्यांच्या रक्तवाहिन्या नेहमीसारख्या सैलावत नव्हत्या. समोर कोणी भांडायला नव्हतंच. नुसती आठवण पुरली.

(दृश्य: कुकरची शिट्टी.)

मग वाफ बाहेर काढावी? कुकरची ही उपमा माणसाला लागू पडत नाही. मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांच्या २००२ च्या प्रयोगात, चिडवणाऱ्याला आठवत पंचिंग बॅगवर गुद्दे मारणारेच सर्वांत जास्त संतापलेले निघाले.

गिळणंही नको. दाबलेला राग बीपी वाढवतो, असं मनोविश्लेषक फ्रान्झ अलेक्झांडर यांनी १९३९ मध्येच मांडलं होतं. पुढच्या अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत, आणि मीठ, वजन, आनुवंशिकता यांना बाजूला ठेवून सगळा दोष स्वभावावर ढकलणं चूकच. पण राग आवरणं वेगळं आणि गिळून कुढणं वेगळं. मानसशास्त्रज्ञ चार्ल्स स्पीलबर्गर यांच्या राग मोजणाऱ्या प्रश्नावलीत या दोन्ही गोष्टी स्वतंत्र मोजतात.

कुढण्याच्या मुळाशी बहुतेकदा एक गृहीतक असतं: 'यानं मुद्दामच केलं.' म्हणून कागदावर दोन ओळी लिहा. वर, काय घडलं: गाडी आडवी लावली. खाली, मी काय धरून चाललो: मला डिवचायला लावली. दुसरी ओळ लिहिताना पेन जरा अडखळतं.

मग ४ सेकंद श्वास आत, ६ सेकंद बाहेर. मिनिटाला सहा श्वास, असं पाच मिनिटं. रागाच्या भरात बीपीची गोळी मनानं जास्त घेऊ नका, आणि आकडा उतरला म्हणून बंदही करू नका. १८०/१२० च्या वर आकडा आणि सोबत छातीत दुखणं, धाप लागणं किंवा बोलणं अडखळणं असेल, तर श्वास मोजत न बसता थेट हॉस्पिटल गाठा.

(दृश्य: मोबाइल आतल्या खोलीत.)

आता पुन्हा मोजू. अर्ध्या तासात चहा-तंबाखू नाही, लघवी तुंबलेली नाही. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड छातीच्या पातळीला. पाच मिनिटं गप्प, कारण बोलता बोलता मोजलं तर आकडा सहज दहानं वाढतो. एक मिनिटाच्या अंतरानं दोनदा मोजायचं. वहीत तारीख, वेळ, दोन्ही आकडे, आणि शेवटच्या रकान्यात 'त्याआधी डोक्यात काय चाललं होतं'. डॉक्टरांकडे जाताना हीच वही सोबत न्यायची.