मालक शेडमध्ये नसताना

(दृश्य : सोलापूर, अक्कलकोट रस्ता औद्योगिक वसाहत. सकाळची पाळी. मागांचा खडखडाट.)

यंत्रमागाच्या शेडमध्ये पाऊल टाकले की बोलणे ऐकू येत नाही. शेजाऱ्याच्या कानाशी तोंड नेल्याशिवाय येथे संवाद होत नाही, आणि म्हणूनच कोण कोणाच्या कानाशी तोंड नेतो व कशासाठी नेतो, एवढे तासभर पाहिले तरी त्या कारखान्याविषयी बरेच काही कळते.

या मागावर चादर विणली जात आहे. ताण्याचा, म्हणजे उभ्या सुताचा, एक धागा आत्ताच तुटला. माग थांबवून, धागा ओवून, गाठ मारून पुन्हा सुरू करायला मिनिट-दोन मिनिटे पुरतात. धागा दिसला नाही, किंवा दिसूनही माग थांबवला गेला नाही, तर कापडात एक बारीक उभी रेघ उतरत जाते आणि घडीच्या टेबलावर ती चादर ‘सेकंड’, म्हणजे दुय्यम माल, म्हणून बाजूला पडते.

दिसूनही माग का थांबवला जात नाही? एक कारण सरळ आहे : मजुरी नगावर असते आणि थांबलेला माग पैसे देत नाही. दुसरे कारण मात्र मजुरीच्या वहीत सापडत नाही. माग थांबला की खडखडाटातला एक सूर कमी होतो, कार्यालयात बसलेल्या मालकाच्या कानाला तो बरोबर कळतो, आणि मालक बाहेर येऊन पहिला प्रश्न कोणता विचारतो यावर पुढच्या वेळी कामगाराचा हात माग थांबवण्यासाठी उठेल की नाही, हे ठरते. “काय तुटलं, मामा?” असे विचारणारा मालक आणि “परत बंद का?” असे विचारणारा मालक, दोघेही एकाच भावाने सूत घेतात आणि एकाच बाजारात माल विकतात, त्यांच्या ‘सेकंड’च्या गठ्ठ्यांची उंची मात्र सारखी राहत नाही.

(दृश्य : जुन्या गिरणीची छायाचित्रे.)

सोलापुरात ही गोष्ट नवी नाही. 1877 साली सुरू झालेल्या जुन्या गिरणीपासून येथील कापडधंद्यात मालक आणि विणकर यांच्यामध्ये जॉबर उभा असे. माणूस कामावर घेणे, काढणे, अडचणीला उसने देणे आणि खात्यातून काम करून घेणे, हे सारे त्याच्याच हाती असल्यामुळे गिरणीचे व्यवस्थापन म्हणजे कामगाराच्या लेखी जॉबरचा स्वभाव होता. यंत्रमागाच्या लहान कारखान्यात ती सत्ता मालकाकडेच आली. दहा-वीस मागांच्या शेडमध्ये मालक स्वतःच व्यवस्थापक, स्वतःच हिशेबनीस आणि पुष्कळदा स्वतःच दुरुस्ती करणारा असतो. त्याच्या मनःस्थितीपासून कामगाराला आडोसा देणारे तेथे कोणीच नसते.

नेत्याच्या वागण्याचा कामावर काय परिणाम होतो, हे प्रयोगाने पाहण्याचा एक प्रसिद्ध प्रयत्न 1939 साली प्रसिद्ध झाला. कुर्ट लेविन, रोनाल्ड लिपिट आणि राल्फ व्हाइट या संशोधकांनी अमेरिकेतील आयोवा येथे दहा-अकरा वर्षांच्या मुलांचे गट केले, त्यांना हस्तकलेचे काम दिले आणि प्रत्येक गटाला वेगवेगळ्या पद्धतीने वागणारा प्रौढ नेता दिला. हुकूम सोडणाऱ्या नेत्यासमोर मुले मुकाट्याने, भरपूर काम करीत. सर्वांशी विचारविनिमय करणाऱ्या नेत्याच्या गटात गप्पाही होत. पण नेता खोलीबाहेर गेला की पहिल्या प्रकारच्या गटातले काम कोसळे आणि दुसऱ्या गटातले जवळपास तसेच चालू राही. मुलांवरचा प्रयोग कारखान्याला जसाच्या तसा लावता येत नाही, हे खरे. तरीही रात्रपाळी चालवणाऱ्या कोणत्याही कारखानदाराला यातले मर्म वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

मात्र मऊ बोलणारा मालक चांगला आणि कडक मालक वाईट, असा निष्कर्ष येथे काढता येत नाही. अमेरिकेतील ओहायो राज्य विद्यापीठाच्या अभ्यासकांनी नेत्याच्या वागण्याचे दोन वेगळे धागे दाखवले : माणसांची कदर करणे, आणि काम नेमके आखून देणे. नंतरच्या अनेक अभ्यासांची 2004 साली एकत्र छाननी झाली, तेव्हा कामगारांच्या समाधानाशी पहिल्या धाग्याचे नाते अधिक घट्ट दिसले, तर कामगिरीशी दुसऱ्याचे थोडे अधिक. त्याआधी, 1962 साली, मालमोटारी बनवणाऱ्या एका कारखान्यातील फोरमनांच्या पाहणीत आणखी एक गोष्ट आढळली होती. जे फोरमन माणसांची कदर करीत, त्यांनी कामाची शिस्त कडक केली तरी तक्रारी फारशा वाढत नसत; ज्यांना माणसांची कदर नव्हती, त्यांच्या हाताखाली तक्रारी आधीच जास्त होत्या आणि शिस्त सैल केल्याने त्या कमी होत नव्हत्या. कडकपणा कोणाच्या तोंडून येतो, याला कामगार एवढे महत्त्व देतात.

(दृश्य : घडीचे टेबल. टॉवेल तपासणारे हात.)

भारतीय कारखान्यांपुरते बोलायचे तर पाटण्याचे मानसशास्त्रज्ञ जय बल्लभ प्रसाद सिन्हा यांनी 1980 च्या सुमारास मांडलेली कल्पना सोलापूरला अधिक जवळची वाटते. आपल्याकडे कामगार मालकात वडीलधारा माणूस शोधतो; म्हणून जिव्हाळा देणारा, पण तो जिव्हाळा कामाशी बांधून ठेवणारा नेता येथे परिणामकारक ठरतो, असे त्यांचे म्हणणे होते. मुलीच्या लग्नाला उचल देणारा, आजारपणात दवाखान्यात येऊन बसणारा आणि दुसऱ्या दिवशी टॉवेलची किनार वाकडी आली तर तेवढ्याच आपुलकीने तो टॉवेल परत समोर ठेवणारा मालक सोलापूरच्या पूर्व भागातल्या विणकरांना अनोळखी नाही. यातला धोकाही सांगितला पाहिजे. उचल फिटेपर्यंत कामगार दुसरीकडे जाऊ शकत नाही, आणि तेव्हा त्याच्या टिकून राहण्याला निष्ठा म्हणणे ही मालकाची सोय असते.

स्वभावाचा प्रश्न याहून अवघड आहे. चारचौघांत उठून दिसणारा, बोलका माणूस नेता म्हणून सहज स्वीकारला जातो, हे अनेक अभ्यासांत दिसले आहे. पण 2011 साली अमेरिकेतील पिझ्झाच्या दुकानांवर झालेल्या अभ्यासात याला एक मुरड पडली. कर्मचारी सांगितल्याशिवाय हलत नसतील, तर बोलक्या व्यवस्थापकाच्या दुकानाचा नफा जास्त होता. कर्मचारी स्वतःहून सुधारणा सुचवणारे असतील, तर तोच बोलकेपणा नफ्याच्या आड येत होता. कारण सोपे आहे : सतत बोलणाऱ्याला ऐकायला वेळ नसतो. वीस वर्षे मागावर काढलेल्या विणकराला सूत हाताला लागताच ते किती तुटणार हे कळते. त्याने ते सांगावे एवढी उसंत मालकाच्या बोलण्यात असली पाहिजे.

1953 साली अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये असेच काहीसे घडले. नवे स्वयंचलित माग आले होते, पण उत्पादन वाढत नव्हते आणि कापडही खराब निघत होते. लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस यांनी पाहिले, तर 224 मागांवरची कामे बारा प्रकारांत वाटलेली होती आणि कोण कोणाबरोबर काम करतो हे कोणालाच नीट सांगता येत नव्हते. ठरावीक मागांचा एक संच आणि तो सांभाळणारा एक लहान गट, अशी कल्पना पुढे आली, तेव्हा गट कसे पाडायचे ते कामगारांनी स्वतःच ठरवले. सुरुवातीच्या चढउतारांनंतर मागांची कार्यक्षमता वाढली आणि खराब कापड कमी झाले. व्यवस्थापकांनी नवे काही शिकवले नव्हते. हातातला थोडा ताबा त्यांनी सोडला होता.

तो ताबा सोडणेच सर्वांत जड जाते. 2008 नंतर मुंबईच्या परिसरातील 17 कापड कंपन्यांच्या 28 कारखान्यांत अर्थशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला. काही कारखान्यांना सल्लागार दिले आणि दोषांची रोजची नोंद, यंत्रांची वेळेवर निगा, सुताच्या साठ्याचा हिशेब अशा साध्या पद्धती बसवल्या; पहिल्या वर्षात उत्पादकता 17 टक्क्यांनी वाढली. त्याच अभ्यासात असेही दिसले की कंपनी किती मोठी होते, हे मालकाच्या घरात किती पुरुष आहेत यावर पुष्कळसे अवलंबून असते, कारण महत्त्वाचा निर्णय घराबाहेरच्या माणसावर सोपवला जात नाही. ‘आमचा मुलगा बघतो’ हे वाक्य सोलापुरातही किती शेडच्या दारात ऐकू येते, ते येथे सांगण्याची गरज नाही.

(दृश्य : दुपार. पत्र्याच्या छपराखाली माग. घाम पुसणारा कामगार.)

तरीही कामगाराच्या कामगिरीचा सगळा हिशेब मालकाच्या नावावर मांडणे चूक ठरेल. मे महिन्यात सोलापूरचा पारा चाळिशीच्या वर जातो, हवा कोरडी पडते आणि कोरड्या हवेत सूत अधिक तुटते. तेव्हा देवमाणूस मालक असला तरी माग थांबणारच. शिवाय परिणाम उलट दिशेनेही वाहतो. 1968 सालच्या एका प्रयोगात, हाताखालचा माणूस मुद्दाम चुका करू लागला तेव्हा त्याच्यावर नेमलेली माणसे आपोआप अधिक कडक आणि अधिक संशयी झाली. म्हणजे मालक तुसडा आहे म्हणून माल खराब निघतो, की माल खराब निघतो म्हणून मालक तुसडा झाला, हे एका दिवसाच्या भेटीत सांगता येत नाही. आम्हालाही ते प्रत्येक शेडमध्ये सांगता आले नाही.

(दृश्य : संध्याकाळ. दुसरी शेड.)

या शेडचे मालक आज गावाला गेले आहेत. कोपऱ्यातल्या मागावर टॉवेल विणला जात आहे. धागा तुटला, आणि तो दिसेपर्यंत दोन बोटे कापड पुढे गेले. कामगाराने माग थांबवला, गाठ मारली, खिशातून लाल दोऱ्याचा तुकडा काढला आणि दोष होता तेथे कापडाच्या किनारीला बांधला. घडीच्या टेबलावरच्या बाईंना आता तो दोष शोधावा लागणार नाही. हे कोणी सांगितले, असे आम्ही विचारले, तेव्हा त्याने आमच्या कानाशी तोंड आणून सांगितले : “आधी लपवत होतो. आता मालक पगार कापत नाही, दोरे मोजतो.”

त्याने माग पुन्हा सुरू केला.