कपातीतली जमीन जाते कुठे?

मंडळी, बडोद्याच्या कुठल्याही नव्या भागात, भायलीला म्हणा, गोत्रीला म्हणा, जमिनीचा विषय निघाला की दोन मिनिटांत एक शब्द येतोच: कपात, म्हणजे नगररचना योजनेत (टीपी स्कीममध्ये) मालकाच्या जमिनीतून कापून घेतला जाणारा भाग. ‘आमची चाळीस टक्के गेली हो!’ माझी सगळी नोकरी नगररचनेच्या नकाशांवर गेली. हे वाक्य मी रागाने म्हटलेलं ऐकलं आहे, डोळ्यांत पाणी आणून म्हटलेलंही ऐकलं आहे. ते खोटं नाही, पण अर्धं आहे. उरलेलं अर्धं माहीत नसल्यामुळे माणसं नको त्या टेबलावर भांडत बसतात, आणि जिथे खरोखर भांडायला हवं तिथे फिरकत नाहीत.

क्षणभर समजा, टीपी स्कीम नाही. शेत वारशाने आलेलं, लांबट पट्टा, एक बांध तिरका. एक भाऊ जमीन बिनखेती करून घेतो, प्लॉट पाडतो आणि मधून सहा मीटरचा रस्ता सोडतो. चार वर्षांनी शेजारचा मालक तेच करतो, पण त्याचा रस्ता येतो दहा मीटर बाजूला. दोन्ही रस्ते समोरच्या कंपाउंडपाशी संपतात. मागच्या पट्टीतल्या शेतकऱ्याला तर वाटच उरत नाही. ड्रेनेजची लाइन कुठून न्यायची? अग्निशमनाचा बंब कुठे वळवायचा? दोघांनी आपापल्या हद्दीत नियम पाळलेले असतात, आणि तरीही सलग रस्ता कुणालाच मिळत नाही.

यावरचा उपाय, म्हणजे सगळ्यांच्या जमिनी एकत्र धरून नव्याने आखणं, जुना आहे. फ्रँकफर्टचे महापौर आडिकेस यांनी 1902 मध्ये त्यासाठी कायदा करून घेतला. 1915 मध्ये मुंबई इलाख्यात नगररचना कायदा आला. वांद्रे, सांताक्रूझ, विलेपार्ले हे भाग अशाच योजनांतून आखले गेले. तुमच्यापैकी कितीजणांचे नातेवाईक तिथे राहत असतील. बडोदे तेव्हा संस्थान होतं. सयाजीराव महाराजांच्या काळात, 1916 मध्ये, स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी आपल्या शहराच्या वाढीवर स्वतंत्र अहवाल दिला होता. आज आपल्याला लागू आहे तो गुजरातचा 1976 चा कायदा. महाराष्ट्राच्या 1966 च्या कायद्यातही टीपीची तरतूद आहे, पण गुजरातने ही पद्धत रोजच्या वापरात ठेवली.

पद्धत अशी. एका पट्ट्यातल्या सगळ्या सर्व्हे नंबरांच्या हद्दी कागदावर एकत्र घ्यायच्या. मालकाची आजची जमीन म्हणजे मूळ खंड, आपल्या बोलण्यातला ओपी. रस्ते आणि सार्वजनिक जागा काढून त्याला नीट आकाराचा, रस्त्याला तोंड असलेला अंतिम खंड द्यायचा, तो एफपी. कायद्यात हिशेब दिलेला आहे: रस्त्यांना 15 टक्के, बागा-मैदानांना 5, शाळा-दवाखान्यासारख्या सोयींना 5, विकून योजनेचा खर्च उभा करण्यासाठी 15, आणि दुर्बल घटकांच्या घरांसाठी 10 टक्क्यांपर्यंत. तुमची जमीन जाते ती इथे. सरकार भूसंपादन करतं तेव्हा रस्त्यात सापडलेला एकटा माणूस सगळं गमावतो आणि शेजाऱ्याची जमीन रस्त्याला लागून महाग होते. टीपीमध्ये भार सगळ्यांवर पडतो. म्हणून मी या पद्धतीच्या बाजूने आहे, आणि हे ठामपणे सांगतो.

आता पैसे. कपात कळते, पण फॉर्म एफ, म्हणजे प्रत्येक मालकाच्या देण्या-घेण्याचा तक्ता, कुणी उघडून बघत नाही. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. तुमचा ओपी 10,000 चौरस मीटर, भाव 2,000 रुपये, म्हणजे किंमत 2 कोटी. एफपी मिळाला 6,000 चौरस मीटरचा. जुन्याच भावाने तो 1 कोटी 20 लाखांचा, तेव्हा तुमची भरपाई झाली 80 लाख. रस्ता, पाणी, ड्रेनेज आल्यावर भाव 5,000 धरला, तर तोच एफपी 3 कोटींचा. वाढ 1 कोटी 80 लाखांची. या वाढीच्या जास्तीत जास्त निम्मा हिस्सा योजनेसाठी मागता येतो, म्हणजे 90 लाख. त्यातून 80 वजा केले की तुम्ही भरायचे 10 लाख. भाव कुठल्या तारखेचा धरला, शेजारच्या एफपीला कोणता लावला, हे त्या तक्त्यात रकान्यांत मांडलेलं असतं. चाळीस टक्क्यांवर ओरडणारा माणूस हे रकाने न वाचता घरी जातो, याचं मला फार वाईट वाटतं.

सरसकट कपात न्याय्यच असते, असं मात्र मी म्हणणार नाही. दोन एकरवाल्याची चाळीस टक्के आणि अडीच गुंठेवाल्याची चाळीस टक्के यांत फरक आहे. 2001 च्या भूकंपानंतर भुजच्या जुन्या गावात टीपी केली, तेव्हा लहान प्लॉटांना कमी कपात लावली आणि अगदी लहानांना कपातीतून वगळलं. तोच विचार आपल्या गामतळाच्या, म्हणजे गावठाणाच्या, कडेला राहणाऱ्यांसाठीही व्हायला हवा.

दुसरा माझा आग्रह कांसांबद्दल, म्हणजे पावसाचं पाणी वाहून नेणाऱ्या नाल्यांबद्दल, आहे. ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री नदी 35 फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी 26 फूट. पुराची कारणं अनेक आहेत, पण भूखी कांसासारख्या पाण्याच्या वाटा जिथे आवळल्या गेल्या तिथे पाणी सोसायट्यांत शिरणारच. बाग-मैदानांचे ते 5 टक्के पुष्कळदा उरलेल्या कोपऱ्यात टाकले जातात. तेच कांसाच्या दोन्ही काठांना सलग दिले तर पाण्याला पसरायला जागा राहते आणि एरवी मुलांना खेळायला. नकाशावर ही रेघ ओढायला जास्तीची जमीन लागत नाही. फक्त ती मसुद्याच्या वेळी ओढावी लागते.

आणि मसुद्याची वेळ आपणच दवडतो. योजना करायचं जाहीर झालं की मालकांची सभा बोलावतात. मसुदा प्रसिद्ध झाल्यावर लेखी हरकतीला एक महिना मिळतो. मसुद्याला सरकारची मंजुरी मिळाली की कलम 48-क प्रमाणे रस्त्यांची जमीन योजना करणाऱ्या प्राधिकरणाकडे जाते. पुढे नगररचना अधिकारी प्रत्येक मालकाला ऐकून घेतात, एफपीचा आकार, भाव यांवर तिथेही बोलता येतं. पण मोठा रस्ता हलवा म्हणण्याची वेळ तोवर टळलेली असते.

सभेला जाण्याआधी घरी दोन गोष्टी करा. सातबारातलं क्षेत्र आणि जागेवरची मोजणी ताडून बघा, कारण ओपीचा आकडा चुकला की पुढचे सगळे आकडे चुकतात. आणि वारसनोंद करून घ्या. आजोबा जाऊन किती वर्षं झाली, एक काका पुण्याला, एक आत्या इंदूरला, आणि उताऱ्यावर नाव अजून आजोबांचंच! नोटीस त्यांच्याच नावाने निघते, जुन्या पत्त्यावर जाते, आणि हरकतीचा महिना तिथेच संपतो. हक्कपत्रकात आज फेरफार पडला, तर पुढची नोटीस तुमच्या हातात येईल.