चाचणीचा फोन: घरी बनवलेल्या मोबाइल गेमसाठी स्वस्त उपकरणांची निवड

नमस्कार. संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांबरोबरच हौसेने घरी बसून गेम बनवणारी मंडळीही आज इथे आली आहेत, याचा मला विशेष आनंद आहे, कारण आजचा विषय मुख्यतः त्यांचाच आहे. गेम तयार होत आला की तो कोणत्या फोनवर चालवून पाहायचा हा प्रश्न उभा राहतो, आणि पैसे मोजकेच असले की तो अधिकच अवघड होतो. माझे उत्तर सुरुवातीलाच सांगून टाकतो. ज्यांच्यासाठी गेम बनवता त्यांच्या हातात जो फोन असतो तो घ्या, जमल्यास त्याहून एक पायरी खालचा घ्या. आणि दुसरा फोन घ्यायची वेळ येईल तेव्हा जास्त किमतीचा न घेता वेगळ्या जातीचा घ्या.

हे मी अनुभवाने शिकलो. काही वर्षांपूर्वी मी नदीतून होडी नेण्याचा एक छोटा गेम बनवला होता. पाण्याच्या लाटा शेडरने, म्हणजे ग्राफिक्स चिपवर चालणाऱ्या छोट्या प्रोग्रामने, काढल्या होत्या. गेम सुरू झाल्यापासून किती सेकंद उलटले हा आकडा शेडरला द्यायचा आणि त्यावरून लाट कुठे आहे ते ठरायचे, अशी साधी रचना होती. संगणकावरच्या एम्युलेटरमध्ये, म्हणजे फोनची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये, पाणी सुरेख वाहत होते. माझ्या फोनवरही ते वाहत होते, पण तिथे मी मिनिटभराच्या पुढे कधी खेळलोच नव्हतो. सुट्टीत आतेभावाने तो गेम त्याच्या जुन्या, स्वस्त फोनवर घेतला आणि थोड्या वेळाने मला म्हणाला, "दादा, पाणी अडखळतंय बघ." मी शेजारी बसून पाहिले. पहिले मिनिट सगळे ठीक होते. त्यानंतर लाटा बारीक झटके देऊ लागल्या, आणि पाच मिनिटे उलटल्यावर तर पाणी सेकंदाला जेमतेम चार उड्या मारत सरकत होते.

दोष माझाच होता. शेडरमध्ये मी वेळेचा आकडा 'मीडियमपी' म्हणजे मध्यम अचूकतेचा जाहीर केला होता. संगणकाचे ग्राफिक्स कार्ड अशी सूचना बहुधा मनावर घेत नाही आणि पूर्ण ३२ बिटांत हिशेब करते. एम्युलेटर त्याच कार्डावर चालत असल्यामुळे तिथे काहीच दिसले नाही. त्या फोनची चिप मात्र तो आकडा १६ बिटांत ठेवत होती. १६ बिटांच्या दशांश संख्येत ६४ ते १२८ या टप्प्यात लगतच्या दोन संख्यांमधले अंतर एक-सोळांश असते, आणि २५६ च्या पुढे ते पाव होते. म्हणजे सव्वाचार मिनिटांनंतर घड्याळ पाव-पाव सेकंदाने पुढे सरकत होते, आणि पाणीही तसेच. ही चूक महागड्या संगणकावर कितीही तास घालवले असते तरी सापडली नसती.

म्हणूनच फोन निवडताना मी सर्वांत आधी ग्राफिक्स चिपचे घराणे पाहतो. स्वस्त अँड्रॉइड फोनमध्ये मुख्यतः तीन घराणी आढळतात. स्नॅपड्रॅगन चिपमध्ये अॅड्रिनो हे घराणे असते. मीडियाटेकच्या अनेक चिपमध्ये आणि युनिसॉकच्या टी६०६, टी६१२ यांसारख्या चिपमध्ये माली असते. आणि मीडियाटेकच्याच हेलिओ जी२५, जी३५ या काही काळ स्वस्त फोनमध्ये सर्रास आलेल्या चिपमध्ये पॉवरव्हीआर असते. प्रत्येक घराण्याचा ड्रायव्हर, म्हणजे चिप चालवणारा प्रोग्राम, वेगळा आणि शेडरचा अर्थ लावणारा कंपायलरही वेगळा, त्यामुळे एका घराण्यावर सुखाने चालणारा शेडर दुसऱ्यावर काळे चौकोन दाखवू शकतो. एकाच घराण्याचे दोन फोन, एक आठ हजारांचा आणि एक वीस हजारांचा, असे घेतले तर दुसऱ्या फोनने तुम्हाला फार थोडे नवे सांगितलेले असते. चिपचे नाव फोनच्या माहितीपत्रकात असते आणि त्यावरून ग्राफिक्सचे घराणे दोन मिनिटांत कळते.

दुसरी बाब मेमरीची, आणि तिथे थोडे थांबावे लागेल. २०४८ बाय २०४८ पिक्सेलचे एक चित्र, प्रत्येक पिक्सेलला चार बाइट धरले, तर मेमरीत १६ एमबी जागा घेते. हेच चित्र एएसटीसी या चित्र लहान करण्याच्या पद्धतीने, सहा बाय सहा पिक्सेलच्या ठोकळ्यांत दाबले तर पावणेदोन एमबीच्या आसपास येते. दहा चित्रे असतील तर १६० आणि १८ असा हा फरक आहे. आता अडचण अशी, की अॅड्रिनोच्या ३०० मालिकेसारख्या जुन्या चिपना एएसटीसी समजतच नाही, आणि तसे झाले तर युनिटीसारखे गेम बनवण्याचे इंजिन ते चित्र मुकाट्याने उलगडून पूर्ण आकारात मेमरीत ठेवते. ज्या फोनमध्ये मेमरी सर्वांत कमी, नेमके तिथेच चित्र सर्वांत जास्त जागा खाते. यावर उपाय आहे: ओपनजीएल ईएस ३.० ही ग्राफिक्सची प्रमाणित पद्धत चालवणाऱ्या प्रत्येक फोनला ईटीसी२ ही चित्र दाबण्याची दुसरी पद्धत समजावीच लागते, आणि त्यात हेच चित्र ४ एमबीत बसते. पण हा उपाय करायची गरज आहे हे कळण्यासाठी दोन जीबी रॅमचा एक जुना फोन टेबलावर हवा. त्यावर गेम सुरू करून दुसऱ्या फोनवरून त्याला कॉल करा, दोन मिनिटे बोला आणि गेमवर परत या. गेम पहिल्या पडद्यापासून सुरू झाला, तर मधल्या काळात अँड्रॉइडने तो बंद करून मेमरी मोकळी केली आहे, आणि खेळणाऱ्याची प्रगती तुम्ही वेळेवर साठवलेली नाही.

इथेच एक गोष्ट सांगावीशी वाटते. चाचणीचा फोन रिकामा ठेवू नका. लोकांच्या फोनमध्ये व्हॉट्सअॅपवरच्या सुप्रभाताच्या चित्रांपासून लग्नाच्या व्हिडिओंपर्यंत सगळे साठलेले असते, आणि भरत आलेल्या ईएमएमसी या स्वस्त प्रकारच्या साठवणुकीवर फाइल वाचणे-लिहिणे बरेच मंदावते. मी चाचणीच्या फोनमध्ये मुद्दाम मोठे व्हिडिओ भरून जेमतेम एक-दोन जीबी जागा शिल्लक ठेवतो. गेम उघडायला लागणारा वेळ अशा फोनवर मोजलेला असेल तरच मी तो खरा मानतो.

उष्णतेचेही असेच आहे. पडद्यावर सेकंदाला ६० चित्रे, म्हणजे फ्रेम, दाखवायची तर एका चित्राला साडेसोळा मिलिसेकंदांच्या आसपास वेळ मिळतो. सुरुवातीची पाच मिनिटे हे जमते; मग चिप तापते, स्वतःला वाचवण्यासाठी वेग उतरवते, आणि गेम रखडू लागतो. त्यामुळे निदान अर्धा तास सलग खेळून पाहिल्याशिवाय चाचणी झाली असे म्हणू नये. फोनला कव्हर असू द्यावे, कारण लोकांच्या फोनला ते असतेच. मे महिन्यात चंद्रपूरला किंवा अकोल्याला दुपारी गेम खेळणाऱ्या मुलाचा फोन आपल्या पंख्याखालच्या फोनपेक्षा किती तापलेला असेल, याचा विचार जरूर करा. संगणकाला केबल लावून केलेली मोजणीही फसवी असते, कारण फोन त्या वेळी चार्ज होत असतो आणि त्याचीच ऊब वाढते. अँड्रॉइड ११ पासून वायफायवरून डिबगिंग, म्हणजे संगणकावरून गेमची तपासणी, करता येते; ते वापरा.

आता प्रत्यक्ष खरेदी. पुण्यात पासोड्या विठोबाच्या परिसरात, मुंबईत लॅमिंग्टन रोडला, आणि बहुतेक तालुक्यांच्या गावी मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात वापरलेले फोन मिळतात. काचेवर ओरखडे असलेला, कॅमेरा बिघडलेला फोन आपल्याला चालतो आणि तो स्वस्तही पडतो. स्पर्श मात्र निर्दोष हवा. अनेक फोनचा कॉम्बो, म्हणजे डिस्प्ले आणि टच मिळून येणारा भाग, बदललेला असतो आणि हलक्या प्रतीच्या कॉम्बोवर बोटाचा स्पर्श मध्येच तुटतो. दुकानातच सेटिंग्जमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारून डेव्हलपर ऑप्शन्स उघडा आणि त्यातले पॉइंटर लोकेशन सुरू करा. मग शेणाने जमीन सारवावी तसे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत बोट सावकाश फिरवा. पडद्यावर उमटणारी रेघ जिथे तुटते तिथला टच गेलेला आहे. आधीच्या मालकाचे गुगल खाते फोनवरून निघाले आहे याची पैसे देण्यापूर्वी खात्री करा, नाहीतर फोन रीसेट केल्यावर तो त्याच खात्याचा पासवर्ड मागत बसतो. *#०६# दाबून मिळणारा आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक, त्याच्या आधी इंग्रजी केवायएम ही अक्षरे लिहून, १४४२२ वर एसएमएस केला की फोन चोरीचा म्हणून बंद केलेला आहे का ते समजते. फोन सपाट टेबलावर ठेवून पाहा. तो डुगडुगत असेल किंवा मागचे झाकण उचललेले असेल तर बॅटरी फुगली आहे, आणि असा फोन फुकट मिळाला तरी घेऊ नये.

केबल डेटाची घ्या. नुसत्या चार्जिंगच्या केबलमुळे संगणकाला फोन दिसत नाही आणि नवशिक्या माणसाचा अख्खा दिवस ड्रायव्हर शोधण्यात जातो.

मग दहा-बारा हजारांत काय बसते? एक दोन जीबीचा जुना फोन, दुसरा वेगळ्या घराण्याचा तीन-चार जीबीचा, दोन्ही वापरलेले. तिसरा मागून घ्यावा, पण तो १२० हर्ट्झ पडद्याचा, म्हणजे सेकंदाला ६० ऐवजी १२० चित्रे दाखवू शकणारा असावा. होडी दर चित्राला अमुक पिक्सेल सरकते असे तुम्ही लिहिले असेल आणि गेमने पडद्याचा पूर्ण वेग वापरला, तर त्या फोनवर ती दुप्पट वेगाने पळेल. आयफोनची चाचणी पहिल्या गेमसाठी बाजूला ठेवायला माझी हरकत नाही. तिथे मॅक लागतो आणि अॅपलच्या अॅप स्टोअरवर गेम ठेवायचा तर वर्षाला ९९ डॉलर भरावे लागतात.

उरलेले फोन विकत घ्यावे लागत नाहीत. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर गुगल प्लेवर वैयक्तिक खाते उघडलेल्यांना गेम सर्वांसाठी खुला करण्यापूर्वी १२ जणांकडून सलग १४ दिवस 'बंद चाचणी', म्हणजे निवडलेल्या लोकांपुरती चाचणी, करून घ्यावी लागते. चाचणी करणाऱ्यांची ही संख्या आधी २० होती. बरेच जण इथे वर्गातले बारा मित्र गोळा करतात आणि त्या सगळ्यांकडे साधारण सारखेच फोन निघतात. मी एका वहीत नातेवाईक, शेजारी, वाणी, रिक्षावाले काका अशांच्या फोनचे मॉडेल, चिप, रॅम आणि अँड्रॉइडची आवृत्ती लिहून ठेवली आहे. बारा जण निवडायची वेळ आली की मी ती वही उघडतो आणि ज्या ओळीतली चिप माझ्या टेबलावर नाही, त्या माणसाला आधी विचारतो. गेल्या खेपेस त्यात माझी मावशी होती. तिने आयुष्यात गेम खेळला नव्हता, पण तिच्या फोनमध्ये पॉवरव्हीआर होते, आणि धुक्याचा पडदा तिथे पूर्ण काळा येतो हे तिनेच मला पहिल्या दिवशी संध्याकाळी फोन करून सांगितले.