कार्डं तीन, नावं चार

(दृश्य: आझाद मैदान, सकाळ. सिमेंटची पट्टी, रबरी चेंडू, फलंदाजी करणारा मुलगा.)

याचा उजवा गुडघा बघा. चेंडू हातातून सुटायच्या आतच तो जमिनीकडे निघालाय. बॅट आडवी नाही, उताणी. सुपातलं धान्य पाखडताना मनगट जसं वर उचलतं तसा एकच झटका, आणि चेंडू मागे पायाच्या बाजूला उभ्या क्षेत्ररक्षकाच्या, म्हणजे फाइन लेगच्या, डोक्यावरून कुंपणापार. ताकद लावलेलीच नाही, वेग सगळा गोलंदाजाचा. मुंबईत याला सुपला म्हणतात. सिमेंटवर रबरी चेंडू छातीपर्यंत उसळतो, समोर मारायला गेलं की झेल उडतो. मग मुलं मागचा रस्ता शोधतात.

(दृश्य: मोठं मैदान, वरून. वर्तुळाच्या पांढऱ्या खुणा.)

हाच फटका ट्वेंटी-ट्वेंटीत कधी चालतो ते या वर्तुळावरून कळतं. पहिल्या सहा षटकांत, म्हणजे पॉवरप्लेमध्ये, दोनच क्षेत्ररक्षक वर्तुळाबाहेर ठेवता येतात. फाइन लेग बहुतेक वेळा आत असतो, त्याच्या मागे सगळं रान मोकळं. सातव्या षटकापासून पाच जण बाहेर जाऊ शकतात. शेवटच्या चार षटकांत फाइन लेग सीमेवर आणि चेंडू बुंध्यात. अशा यॉर्करखाली सूप घालायला जागाच नसते.

अणुशक्तीनगरच्या सूर्यकुमार यादवला आयपीएलमध्ये कोलकात्याच्या संघात चार हंगाम बहुतेक वेळा हीच शेवटची षटकं मिळाली.

(दृश्य: जुन्या धावफलकांची छायाचित्रं.)

२०१२ला मुंबई इंडियन्सने त्याला एक सामना खेळवला. २०१४च्या लिलावात कोलकाता नाइट रायडर्सने ७० लाखांना घेतलं. वरच्या क्रमांकांवर कर्णधार गौतम गंभीर, रॉबिन उथप्पा, मनीष पांडे. उथप्पा तर त्या वर्षी ६६० धावा काढून स्पर्धेत पहिला आला. संघ विजेता. अशा वेळी वरच्या तिघांना कोण हलवेल? सूर्यकुमार पाच-सहा-सातवर गेला. त्या जागेवर पॅड बांधून तासभर बसायचं आणि आठ-दहा चेंडू उरले की आत जायचं.

आता हा धावफलक. ८ एप्रिल २०१५, ईडन गार्डन्स, समोर मुंबई. दोन गडी बाद झाल्यावर, म्हणजे चौथ्या क्रमांकावर, सूर्यकुमार आत आला. २० चेंडूंत नाबाद ४६, पाच षटकार. त्या हंगामात तो संघाचा उपकर्णधार होता. पहिल्या तिघांत कायमची जागा मात्र त्याला मिळाली नाही.

चार हंगामांची बेरीज ५४ सामने, ६०८ धावा. सामन्यामागे सव्वाअकरा.

(दृश्य: टेबल, लॅपटॉपवर रकाने भरलेला तक्ता. बाजूला क्रमांकाचं पॅडल.)

लिलावाचं खरं काम असल्या तक्त्यावर चालतं. रकाने साधारण ठरलेले असतात: भूमिका, भारतीय की परदेशी, आंतरराष्ट्रीय सामना खेळलेला की अनकॅप्ड, कमाल किंमत, आणि तो हातचा गेला तर पर्याय कोण. लिलावाआधी प्रत्येक संघ आपल्याच माणसांत लुटुपुटूचा लिलाव करतो, कारण खऱ्या हॉलमध्ये विचाराला काही सेकंदच मिळतात. बोली एक कोटीपर्यंत पाच-पाच लाखांनी चढते, पुढे दहा, आणि किंमत वाढेल तशी उडीही मोठी होत जाते. पॅडल एकदा वर गेलं की परत घेता येत नाही.

या तक्त्यात भूमिकेचा रकाना सगळ्यात फसवा. ‘फिनिशर’, म्हणजे शेवटच्या षटकांत डाव संपवणारा, असं लिहिलं की त्या माणसाची तुलना फिनिशरांशीच होते. तिथे सामन्यामागे सव्वाअकरा हा आकडा लाल रंगात उठून दिसतो. वरच्या क्रमांकावरचा तो असता तर काय, असा रकानाच नसतो, कारण आकडेच नसतात. ज्या जागेवर खेळवलंच नाही त्या जागेचे आकडे येणार कुठून?

(दृश्य: जानेवारी २०१८च्या लिलावाची छायाचित्रं. लिलावकर्ते रिचर्ड मॅडली, हातात हातोडा.)

बेंगळुरू, २७ आणि २८ जानेवारी २०१८. प्रत्येक संघाला ८० कोटी. जास्तीत जास्त २५ खेळाडू, त्यात परदेशी आठ. जुने खेळाडू आधीच राखून आणि राइट टू मॅच कार्ड वापरून, दोन्ही मिळून पाचपर्यंत ठेवायची मुभा. कार्ड म्हणजे दुसऱ्याने लावलेली शेवटची बोली तेवढ्याच रकमेला आपल्या नावावर करून घेणं.

कोलकात्याने सुनील नारायण आणि आंद्रे रसेल यांना राखलं. साडेबारा आणि साडेआठ मिळून २१ कोटी वजा, हातात ५९. कार्डं उरली तीन. ती उथप्पावर ६ कोटी ४० लाखांना, कुलदीप यादववर ५ कोटी ८० लाखांना आणि पियुष चावलावर ४ कोटी २० लाखांना गेली. तिन्ही निवडी कागदावर बिनचूक. कुलदीपबद्दल तर बोलायलाच नको.

चौथं नाव सूर्यकुमारचं. त्याची मूळ किंमत ३० लाख होती. मुंबईने ३ कोटी २० लाखांना नेलं.

त्याच लिलावात कोलकात्याने कमलेश नागरकोटीवर बरोब्बर तेवढेच, ३ कोटी २० लाख, लावले. तो तेव्हा १९ वर्षांखालचा विश्वचषक खेळत होता आणि असा वेग असलेला भारतीय मुलगा रोज सापडत नाही, हे मान्य. पण अठरा वर्षांच्या वेगवान गोलंदाजाची पाठ आणि पाऊल हीच त्या सौद्यातली जोखीम असते. दुखापतींमुळे २०१८ आणि २०१९, दोन्ही हंगाम तो खेळला नाही. ९ कोटी ४० लाखांचा मिचेल स्टार्कही स्पर्धेआधीच जायबंदी होऊन बाहेर गेला.

(दृश्य: वानखेडे, संध्याकाळ, दिवे लागतायत.)

मुंबईने सूर्यकुमारला त्या हंगामात बहुतेक सामन्यांत सलामीला पाठवलं. वर्तुळात फाइन लेग, कडक नवा चेंडू, आणि तोच सुपला. ६ मे, याच मैदानावर, कोलकात्याविरुद्ध ५९. हंगामात १४ सामने, ५१२ धावा. सामन्यामागे साडेछत्तीस. पुढे २०१९ आणि २०२०ची विजेतेपदं.

(दृश्य: तक्त्यावरून सरकणारं बोट. दुसरं पान.)

कोलकात्याच्या हिशोबात हे एकच पान नाही. ख्रिस गेलला त्यांनी सोडलं, २०११च्या लिलावात त्याच्यावर कुणी बोलीच लावली नाही, बेंगळुरूने हंगामाच्या मध्यात बोलावून घेतलं आणि पहिल्याच सामन्यात, ईडनवर, कोलकात्यासमोर ५५ चेंडूंत नाबाद १०२.

शुभमन गिलचं प्रकरण जास्त अभ्यासण्यासारखं आहे. २०१८च्या त्याच लिलावात १ कोटी ८० लाखांना घेतलेला. २०२२च्या आधी चारच खेळाडू राखायचे होते आणि त्या वर्षी राइट टू मॅच कार्ड नव्हतंच. जो यादीत नाही त्याला दोन नवे संघ लिलावाआधी उचलू शकत होते. कोलकात्याने रसेल, नारायण, वरुण चक्रवर्ती आणि वेंकटेश अय्यर यांना ठेवलं. वेंकटेशच्या नावावर तोवर एकच अर्धा हंगाम होता, २०२१चे १० सामने आणि ३७० धावा. किंमत आठ कोटी. त्या दोन नव्या संघांतल्या गुजरातने गिलला आठ कोटींनाच घेतलं. २०२३ला त्याच्या ८९० धावा.

(दृश्य: जेद्दाह, २४ नोव्हेंबर २०२४. लिलावकर्त्या मल्लिका सागर, मागे आकड्यांचा फलक.)

श्रेयस अय्यर. आझाद मैदान, शिवाजी पार्क या पट्ट्यातलाच आणखी एक. मे २०२४ला कोलकात्याला करंडक जिंकून दिला, नोव्हेंबरमध्ये लिलावात. खेळाडू राखायचा तर त्याचीही संमती लागते, हे इथे लक्षात ठेवायला हवं. कोलकात्याने सहा जण राखले, म्हणून एकही कार्ड उरलं नाही. हातात ५१ कोटी. पंजाबने श्रेयसला २६ कोटी ७५ लाखांना नेलं. थोड्या वेळाने वेंकटेशचं नाव आलं, बेंगळुरू मागे हटेना, आणि २३ कोटी ७५ लाखांवर हातोडा पडला. ५१तले जवळपास निम्मे एकाच नावावर. असं झालं की उरलेले खेळाडू किमतीप्रमाणे निवडावे लागतात, गरजेप्रमाणे नाही.

२०२५ला वेंकटेशच्या १४२ धावा, श्रेयसच्या ६०४. पंजाब अंतिम सामन्यात, कोलकाता आठवं.

(दृश्य: पुन्हा आझाद मैदान. तोच मुलगा पॅड बांधून बाकावर बसलाय.)

सूर्यकुमारला वरच्या क्रमांकावर पुरेसं वापरता आलं नाही, ही कर्णधार म्हणून राहिलेली खंत असल्याचं गंभीरने नंतर स्वतःच सांगितलं. जुलै २०२४ला तो भारताचा प्रशिक्षक झाला. ट्वेंटी-ट्वेंटीचा कर्णधार सूर्यकुमार. दोघांचा या भूमिकांतला पहिला सामना २७ जुलैला श्रीलंकेत, पल्लेकेलेला झाला. सलामीला यशस्वी जयस्वालबरोबर शुभमन गिल उतरला. पहिला गडी बाद झाला तेव्हा पॉवरप्ले जेमतेम संपला होता. सूर्यकुमार तिसऱ्या क्रमांकावर आत गेला. २६ चेंडूंत ५८.

(दृश्य: मुलगा हेल्मेट उचलतो. आत जायची खूण झालीय.)