यंत्राचं नाव जगाला कशाला हवं?

मंडळी, आभासी जग म्हटलं की डोळ्यांसमोर पहिल्यांदा येतो तो डोक्यावर चढवायचा हेडसेट. आज मी त्याच्याबद्दल बोलणार नाही. मला बोलायचंय ते टेबलावर पडलेल्या बाकीच्या सामानाबद्दल. बटणं, जॉयस्टिक, हाताची जागा मोजणारे ट्रॅकर, हाताला उलटा जोर लावणारे यंत्रहात. या सगळ्यांचं म्हणणं त्या जगापर्यंत जातं कसं, आणि वाटेत काय काय बिघडतं?

नव्वदच्या दशकात हा प्रश्न अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाच्या चॅपल हिलमधल्या संगणकशास्त्र विभागात रोजचाच झाला होता. हा विभाग फ्रेड ब्रुक्स यांनी १९६४ साली सुरू केलेला. तिथे नॅनोमॅनिप्युलेटर नावाचा एक प्रकल्प चालायचा. अणुबल सूक्ष्मदर्शकाची अतिसूक्ष्म सुई नमुन्यावरून फिरते, त्या चढउतारांचं मोठं चित्र संगणक पडद्यावर उभं करतो, आणि शास्त्रज्ञ हातात यंत्रहाताची लेखणी धरून तो पृष्ठभाग चाचपतो. नुसतं चाचपत नाही, ढकलतोही. तिथल्या मंडळींनी कार्बनच्या नॅनोनळ्या अशा वाकवून पाहिल्या आणि १९९७ साली त्याबद्दलचा शोधनिबंध ‘नेचर’मध्ये आला.

आता प्रयोगशाळेतली परिस्थिती बघा. अमुक कंपनीचा चुंबकीय ट्रॅकर, तमुक कंपनीचा दुसरा, कुणाची बटणांची पेटी, कुणाचा यंत्रहात. बहुतेक सगळे संगणकाच्या सीरियल पोर्ट नावाच्या खाचेला जोडलेले आणि प्रत्येकाची बोली वेगळी. कुणी इंचात सांगणार, कुणी सेंटिमीटरात. शिवाय चित्र काढणारा दणकट संगणक एका खोलीत आणि ट्रॅकर दुसऱ्याच. संगणकावरचा कार्यक्रम, म्हणजे प्रोग्रॅम, बंद करून पुन्हा चालू केला की ट्रॅकर आपला सावकाश जागा होणार, तोवर माणूस हात चोळत उभा.

यावर त्यांनी काढलेला मार्ग म्हणजे व्हर्च्युअल रिॲलिटी पेरिफेरल नेटवर्क, थोडक्यात व्हीआरपीएन. रसेल टेलर आणि सहकाऱ्यांचा त्यावरचा निबंध २००१चा. कल्पना अशी: यंत्र ज्या संगणकाला जोडलंय तिथे एक छोटा सर्व्हर कायम चालू ठेवायचा. यंत्राची बोली फक्त त्याला कळते. आभासी जगाचा कार्यक्रम नेटवर्कवरून त्याला गाठतो. त्यासाठीचं नेहमीचं पोर्ट, म्हणजे नेटवर्कवरचं दार, ३८८३. तुमचा कार्यक्रम दहा वेळा कोसळू दे, सर्व्हर आणि यंत्र जागेच असतात.

पण माझ्या मते खरी हुशारी पुढे आहे. व्हीआरपीएनमध्ये यंत्रं कंपनीच्या नावाने ओळखली जात नाहीत, कामाने ओळखली जातात. जागा आणि दिशा सांगतो तो ट्रॅकर. दाबलं-सोडलं सांगतं ते बटण. कमीजास्त होणारा आकडा सांगतो तो ॲनालॉग. गोल फिरतो तो डायल. जोर लावतं ते बलयंत्र. फँटम नावाचा यंत्रहात घ्या. तो एमआयटीत टॉमस मॅसी आणि केनेथ सॅलिसबरी यांनी घडवला. व्हीआरपीएनला जोडलात की तो एक यंत्र म्हणून दिसतच नाही. ट्रॅकर, बटण आणि बलयंत्र अशी तीन यंत्रं दिसतात. तुमच्या कार्यक्रमाला फक्त जागा हवी असेल तर त्याने ट्रॅकरशी बोलावं, बाकी दोघांची नावं विचारायचीही गरज नाही. उद्या फँटम काढून दुसरं काही लावलं तरी जगाच्या कार्यक्रमातली एकही ओळ बदलत नाही. यंत्राऐवजी त्याने पाठवलेले निरोप साठवलेली जुनी फाइल लावलीत तरी चालतं. हात हलवणारा माणूस कालच घरी गेलाय, हे जगाला कळतसुद्धा नाही!

आता वेगाबद्दल. विद्यार्थी मला हमखास विचारतात, सर, याला इंटरनेट किती एमबीपीएसचं लागेल? तर हिशेब करू. ट्रॅकरचा एक निरोप म्हणजे मुळात सात आकडे: जागेचे तीन, दिशेचे चार. प्रत्येकी ८ बाइट, म्हणजे ५६ बाइट. सेकंदाला १२० निरोप धरले तर ६७२० बाइट. वर पत्ते-बित्ते धरून थोडे वाढतील, तरी मोबाइलवरच्या एका फोटोपुढे हे काहीच नाही. अडचण माहिती किती आहे याची नसतेच. ती उशिरा आली की गडबड होते.

म्हणून निरोप कोणत्या वाटेने पाठवायचा हे ठरवावं लागतं. नेटवर्कवर अशा दोन वाटा: टीसीपी आणि यूडीपी. टीसीपी हरवलेला निरोप पुन्हा मागवतो आणि तो येईपर्यंत मागच्यांना थांबवून ठेवतो. यूडीपी पाठवतो आणि विसरतो. ट्रॅकरला यूडीपी बरा, कारण हात मघाशी कुठे होता हे आता कळणं म्हणजे कालच्या टोमॅटोचा भाव; नवा आकडा लगेच येतोच आहे. बटणाचं मात्र उलटं. तुम्ही बटण दाबून आभासी जगातली वस्तू उचललीत आणि ‘सोडलं’ हा एकच निरोप वाटेत गळाला. पुढे काही येणारच नाही, कारण तुमच्या लेखी काम झालंय. आणि वस्तू हाताला चिकटून बसली! व्हीआरपीएन म्हणून दोन्ही वाटा उघड्या ठेवतो: ट्रॅकरचे निरोप कमी विलंबाच्या वाटेने, बटणांचे खात्रीच्या. शिवाय प्रत्येक निरोपावर वेळेचा शिक्का असतो.

सगळ्यात अवघड प्रकरण बलयंत्राचं. तिथे जरा थांबू.

आभासी भिंतीला लेखणी टेकवायची आहे. लेखणी भिंतीत जितकी शिरेल तितका जोर संगणकाने बाहेर ढकलायला लावायचा, म्हणजे भिंत हाताला लागते. हात सेकंदाला १० सेंटिमीटर सरकतोय असं धरा. जोराचा हिशेब सेकंदाला ३० वेळा केलात तर दोन हिशेबांमध्ये लेखणी ३.३ मिलिमीटर आत गेलेली असते. मग संगणक दचकून जोरात ढकलतो, लेखणी बाहेर उडते, पुन्हा आत जाते. हाताला भिंत लागतच नाही, थरथर लागते. हाच हिशेब सेकंदाला १००० वेळा केला तर लेखणी दर वेळी ०.१ मिलिमीटरच सरकते आणि भिंत भिंतीसारखी वाटते. म्हणून या क्षेत्रात हजार हा आकडा रूढ झाला.

पण चित्र काढणाऱ्या संगणकाला असे हजार हिशेब झेपत नाहीत, आणि मध्ये नेटवर्क आहेच. मुंबई ते न्यूयॉर्क सरळ अंतर साधारण १२,५०० किलोमीटर. काचतंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. म्हणजे केबल सरळ रेषेत टाकली तरी जाऊन येऊन १२५ मिलिसेकंद. तेवढ्यात हाताचे १२५ हिशेब होऊन जायला हवेत. कंपनीने कितीही जाहिरात केली तरी हे अंतर कमी होत नाही.

चॅपल हिलच्या लोकांनी १९९६ सालीच यावर निबंध लिहिला होता. जोराचा आकडा नेटवर्कवरून पाठवायचाच नाही. त्याऐवजी लेखणीच्या आसपास पृष्ठभाग कसा आहे, एवढंच एका सपाट प्रतलाच्या समीकरणात पाठवायचं. ते सावकाश आलं तरी चालतं. त्या प्रतलाला धरून हजार वेळा हिशेब करायचं काम यंत्राशेजारचा सर्व्हर करतो. यातही एक खोच निघाली. लेखणी टेकलेली असताना नवं प्रतल आधीच्यापेक्षा वर आलं, तर लेखणी अचानक खोल शिरल्यासारखी होते आणि हाताला फाडकन झटका बसतो. म्हणून नव्या प्रतलाचा जोर एकदम न लावता थोड्या वेळात हळूहळू चढवायचा. हा ‘सावरण्याचा वेळ’ तुम्हाला स्वतः ठरवता येतो. मला हा तपशील फार आवडतो. कागदावर गणित सुटल्यावर कुणीतरी लेखणी खरोखर हातात धरली, म्हणून तो सापडला.

ताज्या काळात यायचं तर ‘ओपन एक्सआर’ हे आभासी जगाचे कार्यक्रम आणि यंत्रं जोडण्याचं २०१९चं मानक. तिथेही कार्यक्रम ‘पकड’ असं काम सांगतो, कोणत्या कंट्रोलरचं कोणतं बटण ते नंतर जुळवलं जातं. आणि घरच्या घरी करून बघायचं असेल तर व्हीआरचॅट, म्हणजे अवतार घेऊन लोकांना भेटायचं आभासी जग. तिथे २०२२पासून ओपन साउंड कंट्रोल हा निरोप पाठवायचा नियमसंच चालतो. हा मुळात बर्कलीत १९९७च्या सुमारास संगीताच्या वाद्यांसाठी तयार झाला. छातीवरचा नाडी मोजणारा पट्टा ब्लूटूथने संगणकाला जोडा, एक छोटा कार्यक्रम लिहा आणि आकडा यूडीपीने पोर्ट ९०००वर सोडा. तुमच्या अवताराचे कान नाडीबरोबर लाल होतील. फक्त ७२ असा सरळ आकडा पाठवू नका. तिथला अपूर्णांक उणे १ ते १ यांच्यातच बसवावा लागतो, तेव्हा आधी भागाकार करा.

इथे मला थोडी तक्रार आहे. ओपन साउंड कंट्रोल पत्ता आणि आकडा पोचवतो, पण त्या आकड्याचा अर्थ तुम्ही आपसांत ठरवायचा. व्हीआरपीएनमध्ये ट्रॅकर म्हटलं की जागा मीटरमध्ये, विषय संपला. मोकळीक गोड वाटते, पण दुसऱ्याचं यंत्र आपल्या जगाला जोडायला बसलं की तिचा ताप कळतो.

मघाशी मागून सुरक्षेबद्दल विचारलं गेलं. व्हीआरपीएन प्रयोगशाळेतल्या विश्वासावर वाढला, त्यात पासवर्ड नाही. त्यामुळे त्याचं पोर्ट बाहेरच्या इंटरनेटला उघडं ठेवू नका, आपल्या खोलीतल्या नेटवर्कपुरतंच ठेवा. बलयंत्र असेल तर विशेष काळजी घ्या. ट्रॅकरचे आकडे कुणी चोरून वाचले तर फार तर तुमचा हात कुठे होता ते कळेल. पण बलयंत्राला परक्याने नवं प्रतल पाठवलं, तर झटका तुमच्या मनगटाला बसेल.